पॅच पाठवलास, उत्तर नाही?

लिनक्स कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) पॅच, म्हणजे कोडमधला बदल, मेलने पाठवून चार दिवस झाले आणि कुणी काही बोललं नाही, म्हणून हिरमुसू नकोस. तिथे दोन-तीन आठवडे लागणं नेहमीचंच. आठवडा व्हायच्या आत तर आठवण करूच नये. शिवाय नवी आवृत्ती निघाली की साधारण दोन आठवडे मर्ज विंडो, म्हणजे पुढच्या आवृत्तीसाठी बदल मुख्य कोडमध्ये घेण्याचा काळ, असते. तेव्हा मेंटेनरना (कोडचा एकेक भाग सांभाळणाऱ्यांना) मान वर करायलाही फुरसत नसते.

त्यानंतरही शांतता असेल, तर पॅच योग्य माणसाकडे गेला का ते बघ. कर्नलच्या कोडसोबतची गेट_मेंटेनर स्क्रिप्ट कुणाला पाठवायचा ती नावं आणि मेलिंग लिस्ट दोन्ही सांगते. मेल साध्या मजकुराऐवजी एचटीएमएलमध्ये गेला असेल तर लिस्टने तो परस्पर गाळला असणार. (‘माझ्याकडे कुणी लक्षच देत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच अडकलेले असतात.)

मग विषयात ‘रीसेंड’ लिहून तोच पॅच पुन्हा पाठव. एक ओळ जरी बदलली असेल तर मात्र ‘रीसेंड’ नाही, ‘व्ही२’ (दुसरी आवृत्ती) लिहायचं. काय बदललं ते पॅचमधल्या तीन डॅशच्या (---) खाली टाक, म्हणजे ते कमिटच्या (नोंदवलेल्या बदलांच्या) इतिहासात जात नाही. पाठवण्याआधी ताज्या शाखेवर रीबेस कर, म्हणजे पॅच आजच्या कोडवर बसव. लागतच नाही तो पॅच कोण वाचणार?

दुसऱ्याचा अर्धवट राहिलेला पॅच उचलणार असशील तर आधी त्याला विचार. मूळ लेखकाचं नाव आणि साइन्ड-ऑफ-बाय (हा कोड देण्याचा हक्क असल्याची सहीची ओळ) तसंच ठेवून खाली आपलं जोड.