वाचता येत नाही तो कागद

चि. मुक्ता हिस आईचे अनेक आशीर्वाद.

दसऱ्याचा फोटो मिळाला. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती, तुझं भूगोलाचं पुस्तक, आपट्याची पानं आणि शेजारी आजीच्या पत्र्याच्या डब्यातला तो पिवळा, मोडी लिपीतला कागद. त्यावर कुंकवाचं बोट. फोटोखाली तू दोन प्रश्न विचारलेस: घरात कुणालाच वाचता येत नाही तो कागद आपण का पुजतो? आणि शाळेतून राज्याच्या इतिहासावर प्रकल्प दिलाय, तर राज्य कुठलं धरायचं? फोनवर सांगितलं असतं, पण तिकडे बडोद्यात तुमचा गरब्याचा शीण अजून उतरला नसेल, आणि हे पुन्हा पुन्हा काढून वाचता यावं असं वाटलं.

लिहिलेलं ते सरस्वतीचं, असं आपण मानतो. कागदाला पाय लागला तर तू न सांगता नमस्कार करतेस, त्यातलंच हे. आजीच्या सासूबाईंना मोडी वाचता यायचं. त्या गेल्या, वाचणारं कुणी उरलं नाही, पूजा तेवढी राहिली. पण त्या पूजेनेच कागद टिकवला. माझ्या माहेरी अशी पूजा नव्हती. वाडा पाडायच्या आधीच्या दिवाळीत साफसफाई निघाली आणि दोन रुमाल भरून कागद रद्दीत गेले. रुमाल म्हणजे दप्तर बांधायचं चौकोनी कापड. मी नववीत होते. दारातच उभी होते, आणि "थांबा" म्हणाले नाही. ते मला आजही लागतं. म्हणून आजीला हसू नकोस. तिने निम्मं काम केलंय. उरलेलं निम्मं, म्हणजे वाचणं, आपल्याकडे आहे.

मोडी अवघड आहे, अशक्य नाही. लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढून घेई आणि मग हात न उचलता अक्षराला अक्षर जोडत जाई. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्दांमध्ये जागा नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी सगळी ओळ म्हणजे एकच लांबलचक दोरी दिसते. सुरुवात तारखेपासून करावी. जुन्या मराठी कागदांत साल बऱ्याचदा अरबी शब्दांत असतं: सलास सबैन मया व अलफ. सलास तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले ११७३. हा शुहूर सन, म्हणजे तेव्हाची सालं मोजायची एक रीत, मृगाच्या सुमारास बदलणारी. त्यात ५९९ मिळवले की १७७२ चा पावसाळा आला. मराठी कागद, त्यावर अरबी शब्दांतलं साल, आणि तो आज गुजरातेत! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप आली नव्हती.

आता राज्य कुठलं. आजीलाच विचार. ती १९४७ साली रावपुऱ्यात जन्मली तेव्हा ते गायकवाडांचं बडोदे संस्थान होतं. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि १ मे १९६० ला गुजरात राज्य झालं. रावपुऱ्याचं माहेर आणि दांडिया बाजारातलं सासर एवढ्या दहा मिनिटांच्या वाटेवर तिची तीन राज्यं झाली. तेव्हा प्रकल्पात बडोदं घाल आणि तिन्ही राज्यांची नावं लिही. बाईंनी विचारलं तर तारखा दाखव.

या सगळ्याचे कागद तुझ्या सायकलच्या टप्प्यात आहेत, हे मला तुला सांगायचंय. कोठीला राज्य अभिलेखागाराचं कार्यालय आहे, तिथे संस्थानाची जुनी मराठी दप्तरं आहेत. मुलांना आत लगेच सोडत नाहीत, मामाला आधी अर्ज करायला सांग.

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मात्र तू एकटीही जाऊ शकतेस. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेत ग्रंथालयं पाहिली आणि १९१० साली विल्यम बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बडोद्याला बोलावून घेतलं. मुक्ता, ते बोर्डन इथून, अमेरिकेतल्या न्यू हेवनहूनच तिकडे गेले होते! मी रोज ज्या रस्त्यांनी प्रयोगशाळेत जाते, त्याच गावातून. महाराजांनी स्वतःची पुस्तकं दिली, वाचन फुकट ठेवलं, आणि जे गाव बडोद्यापर्यंत येऊ शकत नव्हतं त्याच्याकडे लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवली. आत गेलीस की पायाखाली बघ. कपाटांच्या मजल्यांची जमीन जाड काचेची आहे, वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत उतरावा म्हणून. तिथे 'सयाजी शासन शब्दकल्पतरु' मागून बघ. १९३१ चा कोश आहे. कारभाराचा एकेक शब्द गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी अशा भाषांत शेजारीशेजारी मांडलाय. आपण घरात बोलतो तसंच की!

कमाटीबागेतलं म्युझियम तुला पाठ आहे, ममी आणि देवमाशाचा सांगाडा. या खेपेला त्यांच्यापाशी थांबू नकोस, अकोट्याच्या जैन धातुमूर्तींकडे जा. गायकवाडच काय, शिवाजी महाराजही जन्मायच्या हजार वर्षं आधी या गावात काय घडत होतं, ते त्या सांगतात. आपण मराठी लोक बडोद्याची गोष्ट गायकवाड घराण्याच्या पिलाजीरावांपासून सुरू करतो. ते बरोबर नाही.

आणि देशाचा इतिहास? त्यासाठी एकच प्रसंग घे. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांवर इंग्रज रेसिडेंट, म्हणजे संस्थानातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेअरच्या सरबतात विष घालवल्याचा आरोप आला. सहा जणांचं कमिशन बसलं. तिघे इंग्रज म्हणाले, दोषी. ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांना पुरावा पटला नाही. तरी मल्हाररावांना गादीवरून काढलं, आणि आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ दत्तक घेतला. तोच आपला सयाजीराव. इंग्रज सरकारचे त्या काळचे परराष्ट्र खात्याचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर हजारो कागदांची छायाचित्रं घरबसल्या दिसतात. बाबांबरोबर बसून बडोदा, १८७५ असं शोध. कोठीतला कागद एक सांगेल, दिल्लीतला दुसरं. दोन्ही शेजारी ठेवून मग तुझं मत लिही. चुकलं तरी चालेल, पण ते तुझं असू दे.

आता आजीच्या कागदाचं. पुढच्या वर्षी हळदकुंकू पाटीला वाहायचं, कागदाला नाही. कुंकवाचा डाग अक्षर खातो. हे तू आजीला सांगू नकोस, मीच फोनवर सांगेन, माझ्याकडून ऐकेल ती. घडीवर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, डब्यात वेखंडाचा तुकडा टाका. पोथ्यांना कसर लागू नये म्हणून पूर्वी तेच ठेवत.

तुझा फोटो मोठा करून मी तीन रात्री बसले आहे. वर 'श्री' आहे. दुसऱ्या ओळीत 'तांदूळ' लागलं, त्यापुढे 'तूप', मग बहुधा 'नारळ'. ही सनद नाही, कुणाच्यातरी लग्नाची यादी असावी. ऐकून तू हिरमुसशील का? मला तर रडू आलं. चौथ्या ओळीत एका बाईचं नाव आहे, शेवटी 'बाई' स्पष्ट वाचता येतं, पण त्याआधीची दोन अक्षरं नेमकी कुंकवाखाली गेलीत. सकाळच्या उन्हात, खिडकीजवळ, कागद न हलवता त्या ओळीचा जवळून फोटो काढ. आणि आजीला विचार, तिच्या सासूबाईंच्या आधीच्या बायकांची नावं तिला आठवतात का.

तुझी,
आई