मान, गोळी आणि सुई

प्रश्न : डॉक्टरताई, मी सावद्याला केळीच्या ग्रुपवर (केळीच्या खरेदी-विक्रीच्या पेढीवर) हिशेब पाहतो. वय ४४. सकाळी भाव निघाला की फोन मानेत धरूनच गाड्यांची नोंद चालते. दुपारनंतर मान आखडते, डोकं दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखं होतं. एमआरआयमध्ये वयानुसार झीज, एवढंच निघालं. मेडिकलवरून आणलेली गोळी बरेच महिने जवळजवळ रोज घेतो. मित्र म्हणतो अॅक्युपंक्चर, म्हणजे अंगावर ठराविक ठिकाणी बारीक सुया टोचायचा उपचार, करून घे. बायको म्हणते, त्यात नुसतं मनाचं समाधान. कोणाचं ऐकू?

उत्तर : भाऊ, दोघांचंही ऐका, पण आधी त्या गोळीचं बघू. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ दिवस, एकाहून जास्त औषधं असलेली मिश्र गोळी १० दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त चालली की गोळीच डोकेदुखी लावून ठेवते. गोळ्यांची पट्टी तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि ती कशी सोडायची ते ठरवून घ्या. हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल पडली असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर सुयांचा विचार मागे ठेवून आधी मेंदूविकारतज्ज्ञ गाठा.

आता सुया. मी स्वतः लावते, तरी वहिनींची शंका उडवून लावणार नाही. २००७ साली जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. कंबरदुखीचे हजाराहून जास्त रुग्ण होते. सहा महिन्यांनी नेहमीच्या औषध-व्यायामाने शंभरातल्या सुमारे २७ जणांना गुण आला, अॅक्युपंक्चरने ४७ जणांना. आणि अॅक्युपंक्चरचे ठरलेले बिंदू सोडून, वरवर टोचलेल्या खोट्या सुयांनी? ४४! म्हणून बिंदूंच्या नकाशावरून मी कुणाशी वाद घालत नाही. पण आराम पडला तो खराच होता, आणि नेहमीच्या उपचारापेक्षा बराच जास्त.

तुमच्यासारख्या जुनाट, आवळणाऱ्या डोकेदुखीसाठी ब्रिटनच्या आरोग्यसेवेची मार्गदर्शिका ५ ते ८ आठवड्यांत जास्तीत जास्त १० बैठकी सुचवते. मीही तेवढ्याच सांगते. निम्म्या बैठकी होऊनही काहीच फरक नसेल, तर पुढचे पैसे वाचवा.

मानेमागे, कवटीच्या खाली दोन खळगे लागतात, तिथे आणि हातांवर सुया लागतील. सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची, इंजेक्शनसारखी पोकळ नसते. टोचताना मुंगी चावल्यागत वाटतं, मग आत जड-जड, ओढ लागल्यासारखं. वीसेक मिनिटं पडून राहायचं, फोन बाहेर ठेवून. (अर्धा गुण त्यानेच येत असावा, असा माझा जुना संशय आहे.) दर वेळी सुयांचं नवं पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा.

खांद्याच्या वरच्या दुखऱ्या गाठीत खोल सुई घालायचा मोह भल्याभल्यांना होतो. खाली फुप्फुसाचं टोक असतं. नंतर छातीत दुखलं, दम लागला, तर घरी पडून न राहता थेट दवाखाना गाठायचा. असं क्वचित होतं, पण होतं. आणखी एक, मे महिन्यात उपाशीपोटी, मोटारसायकलवर उन्हातून येऊन लगेच सुया लावून घेऊ नका, भोवळ येते. भाकरी खाऊन या.

आणि कानात घालायचा इअरफोन आजच घ्या. फोन मानेतच राहणार असेल तर दहाच्या दहा बैठकी पाण्यात.

प्रश्न : आईला मधुमेह आहे, तळपायांची आग होते. चोपड्याजवळ आमच्या गावात शिबिर झालं, तिथे सांगितलं की सुयांनी साखर उतरते, गोळ्या बंद करा. करू का?

उत्तर : अजिबात नाही. सुयांच्या भरवशावर मधुमेहाची गोळी सोडावी, असा कसलाही पुरावा नाही. तळपायांच्या आगीला काही जणांना आराम पडतो, पण तिथेही पुरावा तोकडाच आहे. ज्या पावलाला टोचलेलं कळत नाही, त्यात सुई घालणं मी टाळते, जखम चिघळते. आईंचे तळवे रोज रात्री बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यांना अंगणातसुद्धा अनवाणी जाऊ देऊ नका, पोळलेलं त्यांना समजणार नाही. महाराष्ट्रात अॅक्युपंक्चर करणाऱ्यांची नोंदणी ठेवणारी परिषद आहे. शिबिरवाले पुन्हा आले तर आधी नोंदणी क्रमांक मागा, भिंतीवरची प्रमाणपत्रं नंतर बघू.