वाचकांचे प्रश्न : कारणे नऊ, परिणाम अकरा, तरी निबंध अडला

प्रश्न : शाळेत 'आपल्या भागातील पूर : कारणे आणि परिणाम' हा निबंध होता. मी नऊ कारणं आणि अकरा परिणाम लिहिले. सरांनी 'यादी झाली, निबंध नाही' असा शेरा मारला. माझं काय चुकलं?
– दहावीचा विद्यार्थी, निपाणी

उत्तर : माहिती भरपूर आहे, सांधा कमी पडला. अतिवृष्टी, जंगलतोड, नदीपात्रातलं अतिक्रमण अशी कारणं एकाखाली एक लिहिली की प्रत्येक कारण सुटं राहतं. पाणी गावात कसं शिरलं ते त्यातून कळत नाही, आणि असा निबंध तपासणारा नेमकं हे 'कसं'च शोधत असतो.

आधी विषय आवळ. नुसता 'पूर' घेऊ नकोस, 2019 च्या ऑगस्टमधला वेदगंगा-दूधगंगेचा पूर घे. मग कच्च्या कागदावर शेवटाकडून उलटं विचारत जा. शिवारात पाणी का शिरलं? दूधगंगेचं पाणी पुढे सरकेना. का सरकेना? ती ज्या कृष्णेला मिळते तीच दुथडी भरलेली. कृष्णा का भरली? घाटमाथ्यावर दिवसचे दिवस पाऊस, कोयनेसारखी धरणं भरत आलेली, वरून विसर्ग सुरू. आता ही साखळी सुलट करून लिही:

"घाटमाथ्यावर सलग पाऊस झाला आणि भरत आलेल्या धरणांतून पाणी सोडावं लागलं. त्यामुळे कृष्णा फुगली. पावसाने आधीच वाढलेल्या दूधगंगेला तिच्यात उतरायला वाव मिळेना, म्हणून पाणी मागे तुंबून काठच्या शिवारांत पसरलं."

तीनच वाक्यं, पण प्रत्येक वाक्य मागच्याचा हात धरून आलंय. जंगलतोडही घालायची आहे? जरूर घाल, पण ती यातल्या कुठल्या कडीला जोडली जाते ते सांगून. जोडता येत नसेल तर तिला या निबंधात जागा नाही.

परिणामांचंही तसंच. 'शेतीचं नुकसान झालं' इथे थांबलास तर वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. ऊस कित्येक दिवस बुडून राहिला, शेंड्याच्या पोंग्यात गाळाचं पाणी बसलं, शेंडा कुजला, मग कांड्यांवरचे डोळे फुटून पांगशा (बाजूचे फुटवे) आल्या, वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटलं, सोसायटीचं पीककर्ज थकलं. ही एक ओळ नीट चालवलीस तर 'शेतीचं, घरांचं, जनावरांचं नुकसान' या वाक्याहून दसपट काम होतं. 300 शब्दांच्या निबंधात दोन-तीन कारणं आणि तितकेच परिणाम मावतात. प्रास्ताविकाला 40, कारणांना 110, परिणामांना 110 आणि समारोपाला 40 शब्द धर.

एक सावधगिरी. 'अलमट्टीमुळेच पूर आला' असं ठोकून लिहू नकोस. कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या या धरणाच्या फुगवट्याचा (मागे साठून राहणाऱ्या पाण्याचा) वाटा किती, यावर महाराष्ट्र आणि कर्नाटकात जुना वाद आहे. जिथे वाद आहे तिथे 'असं एका बाजूचं म्हणणं आहे' लिहून दुसरी बाजूही एका वाक्यात द्यायची. त्याने निबंध कमजोर होत नाही, उलट लिहिणाऱ्यावरचा विश्वास वाढतो.

प्रश्न : 'सीमाभागातील मराठी शाळांची पटसंख्या का घटते?' या विषयावर लिहिते आहे. 1956 पासून सुरुवात करावी का?
– बी.ए.ची विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : करा, पण तिथे थांबू नका. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. आजच्या पहिलीच्या वर्गातली रिकामी बाकं त्यानंतरची आहेत, हे खरं. मात्र 'नंतर' आणि 'मुळे' यांत मोठं अंतर असतं, ते पायऱ्यांनी भरावं लागतं : राज्यकारभाराची भाषा बदलली, नोकरीसाठी कन्नड लागू लागलं, पालकांनी हिशेब मांडला आणि मूल दुसऱ्या माध्यमात घातलं.

आता उलट कसोटी लावा. ज्या ठिकाणी हे कारण नाही तिथे पट टिकला आहे का? मुंबईतल्या महापालिकेच्या मराठी शाळांचाही पट घसरला, आणि तिथे सीमाप्रश्न नाही. म्हणजे इंग्रजी माध्यमाची ओढ हे वेगळं, जवळचं कारण आहे आणि त्याला स्वतंत्र परिच्छेद हवा. 1956 हे दूरचं कारण. दोन्ही ठेवा, पण एकात मिसळू नका. हा विषय आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणूनच त्यात कच्चा दुवा राहू देऊ नये.

इथे परिणामच पुन्हा कारण होतो, तेही दाखवा : पट कमी झाला की शिक्षक कमी होतात, एकाच गुरुजींकडे दोन-तीन वर्ग येतात, ते पाहून उरलेले पालकही मुलं काढतात. हे चक्र सरळ साखळीत कोंबू नका, 'याचाच उलटा परिणाम असा की' म्हणून वेगळं सांगा.

प्रश्न : मुलांच्या निबंधात 'त्यामुळे' आणि 'म्हणून' यांचा भडिमार असतो. काय करावं?
– शिक्षिका, बेळगाव

उत्तर : दर परिच्छेदात एक-दोन पुरे. बाकी काम 'परिणामी', '-ल्याने', 'याचा फटका असा की' यांच्यावर सोपवता येतं. 'पुराचे कारण अतिवृष्टीमुळे आहे' हे वाक्य मात्र लाल शाईने खोडाच. एक तर 'पुराचे कारण अतिवृष्टी' किंवा 'पूर अतिवृष्टीमुळे आला'.

आपल्या सीमाभागातली खास अडचण 'म्हणून'ची. घरच्या बोलीत आपण 'धरण भरलं म्हणून सांगितलं' असं म्हणतो आणि त्याचा अर्थ 'धरण भरल्याचं सांगितलं' असा असतो. पुण्याचा वाचक तेच वाक्य 'धरण भरल्यामुळे सांगितलं' असं वाचेल. बोली चुकीची नाही, मुलांना तसं म्हणूही नका. फक्त कारण-परिणामाच्या निबंधात सांगण्यासाठी 'की' आणि कारणासाठी 'म्हणून', एवढी वाटणी शिकवा : 'कुणी सांगितलं नाही की धरण भरलं आहे, म्हणून लोक वेळेत हलले नाहीत.' या वाक्यातले दोन शब्द मुलांना अधोरेखित करायला लावा.