टेनिसपटू प्रज्ञेश गुणेश्वरन चारही ग्रँड स्लॅममध्ये पहिल्याच फेरीत हरला, मग त्याचं एवढं कौतुक कशाला?

2019 च्या निकालांवरून तुम्ही हे विचारताय. पण त्याची खरी लढाई त्या चार ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेच्या खेळाडूंच्या यादीत, नाव लागण्याची होती.

128 जणांच्या ड्रॉमध्ये साधारण 104 जण क्रमवारीवर थेट येतात, 16 पात्रता फेरीतून आणि 8 वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांच्या निमंत्रणावर. म्हणजे जगात 115 वा असलात तरी आधी तीन सामने जिंकायचे. चेन्नईच्या या डावखुऱ्याची उमेदीची वर्षं गुडघ्याच्या स्ट्रेस फ्रॅक्चरने खाल्ली. चॅलेंजर म्हणजे मुख्य दौऱ्याच्या खालच्या पातळीवरच्या स्पर्धा; तिथलं पहिलं विजेतेपद मिळालं ते 28 व्या वर्षी, एप्रिल 2018 मध्ये, चीनमधल्या आनिंगला. नोव्हेंबरात बंगळुरू जिंकलं आणि पुढच्याच आठवड्यात पुण्यात अंतिम फेरी गाठली. मार्च 2019 ला इंडियन वेल्समध्ये तेव्हाच्या 18 व्या क्रमांकाच्या बासिलाश्विलीला हरवलं. एप्रिलमध्ये तो 75 वा होता.

आता ते चार पराभव बघा. मेलबर्नमध्ये हरवणारा टियाफो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. विम्बल्डनला समोर 15 वा मानांकित राओनिच, न्यूयॉर्कला मेदवेदेव, जो पुढे अंतिम सामना खेळला. बिगरमानांकिताच्या वाट्याला असे प्रतिस्पर्धी येऊ शकतात. हळहळ वाटावी असा पराभव माझ्या मते एकच, पॅरिसमध्ये डेलियनकडून 1-6, 3-6, 1-6.

आणि पैसा. तेव्हा 50 हजार डॉलरची चॅलेंजर जिंकली तर हाती 7,200 डॉलर यायचे. त्या वर्षी पहिल्या फेरीत हरूनही विम्बल्डनला 45,000 पौंड, अमेरिकन ओपनला 58,000 डॉलर मिळत होते. प्रशिक्षक, फिजिओ आणि विमानाची तिकिटं खेळाडूच्याच खिशातून जातात, तिथे असा एक धनादेश कित्येक महिन्यांचा खर्च भागवतो.

ड्रॉमधली जागा किती निसटती असते तेही सांगतो. 2018 मध्ये पॅरिसच्या पात्रता फेरीत हरल्यावर प्रज्ञेश विचेन्झाच्या चॅलेंजरला नाव देऊन इटलीला निघून गेला. मग किरियॉसने माघार घेतली. पात्रता फेरीत हरूनही अशी रिकामी जागा मिळते त्याला लकी लूझर म्हणतात, आणि ती पाळी प्रज्ञेशची होती, पण तो दुसऱ्या स्पर्धेत अडकलेला. जागा गेली अर्जेंटिनाच्या त्रुंगेलिटीला. तो आजी, आई आणि भावाला गाडीत घालून बार्सिलोनाहून पॅरिसला पोचला आणि टॉमिकला हरवून दुसऱ्या फेरीत गेला. वर्षभराने त्याच पॅरिसमध्ये प्रज्ञेशला थेट प्रवेश होता, स्वतःच्या क्रमवारीवर.