ट्यूबलाइटची घूं घूं फक्त तुम्हालाच ऐकू येते?

मलाही यायची. घरचे म्हणायचे, "नाटकं पुरे." कुर्त्याच्या मानेवरचं लेबल मी आजही आधी उसवते, मगच घालते. पण एवढ्यावरून स्वतःला ऑटिस्टिक ठरवू नका. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये (मानसिक निदानांचं अमेरिकी मार्गदर्शक पुस्तक) आवाज, स्पर्श, उजेड जास्त किंवा कमी जाणवणं ऑटिझमच्या निकषांत आलं खरं. मात्र संवादातल्या, लहानपणापासूनच्या अडचणीही दिसाव्या लागतात. मायग्रेन, एडीएचडीतही (लक्ष न टिकणं, अति चंचलता) असं होतं. आवाज अलीकडेच खुपू लागले असतील तर आधी कान तपासून घ्या.

एक वही करा. कुकरच्या शिट्टीने कान झाकले, सावरायला किती वेळ लागला, एवढंच लिहा. आईला बालपणाचं विचारा (माझ्या आईला नको तेवढं आठवलं!). मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठा. मोठ्यांमधल्या ऑटिझमचा अनुभव आहे का, हे फोनवरच विचारा. मी दोन खेपा फुकट घातल्या.