वाचकांचे प्रश्न : मालवाहतुकीतील ‘आपल्या सोयीचे’ काम

प्रश्न : मी चौतीस वर्षांचा असून गेली नऊ वर्षे भिवंडीतील एका ट्रान्सपोर्ट कंपनीत दहा चाकी ट्रकवर चालक आहे. महिना २०,००० रुपये पगार आणि फेरीमागे भत्ता मिळतो, पण महिन्यातले जेमतेम सहा-सात दिवस घरी काढता येतात आणि मुलगी आता पहिलीत गेली आहे. एका मित्राने हप्त्यावर छोटा हत्ती (लहान मालवाहू टेम्पो) घेऊन तो मोबाइल अ‍ॅपला जोडला आहे. तसेच आपणही करावे, हवे तेव्हा काम करून संध्याकाळी घरी यावे, असे वाटते. रजा घेऊन मी त्याचा टेम्पो सात दिवस चालवून पाहिला. खात्यात १३,२०० रुपये जमा झाले, डिझेलला ४,७०० आणि टोल-पार्किंगला ५०० रुपये गेले. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचे तास ८० भरले. नोकरी सोडावी का?
– एक चालक, ठाणे जिल्हा

उत्तर : तुम्ही पैशांबरोबर तासही लिहून ठेवलेत, म्हणून तुमच्या प्रश्नाला अंदाजाने नव्हे, हिशोबाने उत्तर देता येते. डिझेल आणि टोल वजा जाता तुमच्याकडे ८,००० रुपये उरले; परंतु टेम्पो मित्राचा असल्याने त्याचा हप्ता तुमच्या वहीत आलेला नाही. महिन्याचा हप्ता १४,००० रुपये धरला, तर आठवड्याला सुमारे ३,२५० रुपये त्यात जातात, आणि विमा, पासिंग, टायर, ऑइल यांसाठी आठवड्याला आणखी ११५० रुपये बाजूला काढावेच लागतील. उरतात ३,६०० रुपये, म्हणजे तासाला ४५ रुपये. महिन्याचे साडेपंधरा हजारांच्या आसपास होतात, आणि तेही एकही दिवस सुटी न घेता. तुमचा आजचा पगार, भत्ता न धरताही, यापेक्षा जास्त आहे. हप्ते फिटल्यावर टेम्पो तुमच्या मालकीचा होईल हे खरे. पण तोवर तो जुना झालेला असेल आणि दुरुस्तीचा खर्च वाढलेला असेल.

त्या ८० तासांपैकी चाक प्रत्यक्ष किती तास फिरत होते, हे तुम्ही लिहिलेले नाही. पण ते निम्म्याहून कमी असतील, असे मला वाटते. बाकीचा वेळ भाडे येण्याची वाट पाहण्यात, गोदामात नंबर लागण्यात, हमालांची वाट पाहण्यात आणि माल उतरवायला जागा शोधण्यात जातो. नोकरीत ट्रक दिवसभर उभा राहिला तरी तुमचा पगार चालू असतो आणि त्या थांबण्याचे नुकसान कंपनी सोसते. स्वतःच्या टेम्पोवर ते तुम्ही सोसता. माल भरताना ठरावीक वेळेपेक्षा जास्त थांबावे लागले तर काही ठिकाणी थोडे पैसे मिळतात, पण भाडे मिळेपर्यंत नाक्यावर उभे राहण्याचे पैसे कोणीही देत नाही. सोयीच्या वेळेबद्दलही हेच म्हणावे लागेल. भाडी येतात ती दुकाने आणि गोदामे उघडी असताना, घरे बदलली जातात ती महिनाअखेरीस, आणि सर्वांत जास्त काम असते ते दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात; नेमक्या त्या दिवसांत तुम्ही घरी थांबलात, तर हप्ता थकतो. काम नाकारण्याचा अधिकार तुम्हाला असतो, पण त्याची किंमतही तुम्हीच भरता.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तुमच्या पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर त्याबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेत मासिक पेन्शनचा हक्क मिळण्यासाठी दहा वर्षांची सेवा लागते. तुमची नऊ झाली आहेत. आज नोकरी सोडलीत आणि पैसे काढून घेतलेत, तर नऊ वर्षांच्या रात्रपाळ्यांनी जवळ आणलेला हा हक्क केवळ एक वर्ष कमी पडल्याने हातचा जाईल. पासबुक काढून पाहा आणि कंपनीने आपला वाटा खरोखर भरला आहे की नाही, याची आधी खात्री करा. निधी कापलाच जात नसेल, तर आधी त्याची तक्रार करावी लागेल. नोकरी सोडणे अगदी अटळच झाले, तर पैसे न काढता योजना प्रमाणपत्र घ्या, म्हणजे पुढच्या नोकरीत ही सेवा जोडता येईल.

विम्याचेही तसेच आहे. टेम्पो ज्याच्या नावावर आहे आणि जो परवानाधारक स्वतः तो चालवतो, त्याच्यासाठी १५ लाख रुपयांचा मालक-चालक अपघात विमा असतो. मित्राच्या टेम्पोवर त्या सात दिवसांत तुम्हाला काही झाले असते, तर त्या विम्याचा एक रुपयाही तुमच्या घरी आला नसता. उद्या टेम्पो घ्यायचा झालाच, तर तो भावाच्या किंवा पत्नीच्या नावावर न घेता स्वतःच्याच नावावर घ्या. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ‘गिग कामगार’ (नोकरीत नसलेला, अ‍ॅपसारख्या मार्गाने सुटी कामे घेणारा) ही व्याख्या आली आहे आणि अ‍ॅप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या निधीत भरावी, अशी तरतूद आहे. मालवाहतूक सेवाही त्या यादीत आहे. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे, म्हणून ई-श्रम पोर्टलवर नोंदणी अवश्य करावी. पण केवळ त्या भरवशावर भविष्य निर्वाह निधीची नोकरी सोडणे मला योग्य वाटत नाही.

माझे मत असे, की दहावे वर्ष पूर्ण करा आणि त्या वर्षात कायमची गिऱ्हाइके शोधा. रोज पहाटे वाशीच्या बाजारातून भाजी उचलणारा एखादा व्यापारी, ठरल्या वेळी सुटे भाग पोहोचवायचे असलेला एखादा कारखानदार, अशी दोन-तीन माणसे महिन्याच्या ठरीव दराने मिळाली, तर टेम्पो घ्या आणि परतीची रिकामी गाडी भरण्यापुरतेच अ‍ॅप वापरा. मुलीच्या शाळेची वेळ सांभाळता येईल ती अशाच बांधलेल्या कामात.

प्रश्न : माझे पती नागपूर-मुंबई मार्गावर फेरीच्या हिशोबाने ट्रक चालवतात. मालक म्हणतो, ‘हवी तेव्हा सुटी घ्या’. परंतु सुटी घेतली की पैसे नाहीत, म्हणून ते सलग चौदा-पंधरा तास चालवतात. समृद्धी महामार्गावर आपल्याला गुंगी येते, असे ते स्वतःच म्हणाले. मी काय करू?
– एक वाचक भगिनी, वर्धा

उत्तर : ताई, त्यांनी हे तुमच्यापाशी बोलून दाखवले, हे फार चांगले झाले, कारण अनेक चालक झोपेची गोष्ट घरी सांगतच नाहीत. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता सरळ आणि एकसारखा आहे, त्यामुळे डोळे उघडे असूनही मन सुस्तावते. रात्री दोन ते पहाटे पाचपर्यंत शरीर मुळातच झोपेकडे ओढ घेत असते, आणि चहा किंवा तंबाखू त्यावर उपाय नाही. वीस मिनिटांची खरी झोप हाच तात्पुरता उपाय आहे. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती आणि दिवसाला आठ तास काम, असे मोटार परिवहन कामगार अधिनियमाने १९६१ मध्येच ठरवले होते. आता त्या कायद्याची जागा कामाच्या ठिकाणची सुरक्षा व कामाचे तास यांविषयीच्या नव्या संहितेने घेतली असली, तरी आठ तासांचा दिवस तिच्यातही आहे. फेरीवर पैसे देण्याची पद्धत मात्र माणसाला हा नियम आपल्याच हाताने मोडायला लावते.

मालकाशी बोलताना सुटी मागू नका, दुसरा चालक मागा. एका चालकाने चार-पाच तास चालवून ठरलेल्या ठिकाणी ट्रक दुसऱ्याच्या हाती द्यायचा आणि स्वतः उलट दिशेने येणारा ट्रक घेऊन घराकडे परतायचे, ही साखळी पद्धत गुरुग्रामच्या रिव्हिगो या कंपनीने आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर चालवून दाखवली होती. ज्या मालकाचे या मार्गावर चार-सहा ट्रक आहेत, त्याला मध्यावर, जालन्याच्या आसपास, अशी बदली करणे अशक्य नाही. माल लवकर पोहोचतो, ट्रक उभा राहत नाही, हा त्याचाही फायदा आहे, आणि तो त्याला त्याच्याच आकड्यांत दाखवता येईल. ते होईपर्यंत पहाटे दोन ते पाच ट्रक उभाच राहील, एवढी एक गोष्ट पतीकडून कबूल करून घ्या. त्यामुळे एखादी फेरी कमी झाली, तरी तो तोटा तुम्ही दोघांनी मिळून सोसावा, असे मी मनापासून सांगते.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांचा आहे आणि मोटारीचा परवाना आठ महिन्यांपूर्वी मिळाला आहे. लगेच टेम्पो चालवून कमाई सुरू करता येईल का?
– एक विद्यार्थी, बारामती

उत्तर : नाही. भाड्याचे वाहन चालवण्यासाठी वीस वर्षे पूर्ण असावी लागतात. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू वाहनाला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र त्याने वयाची अट सैल होत नाही. ट्रकसाठी वेगळा परवाना लागतो आणि त्याच्या शिकाऊ परवान्याआधी हलक्या वाहनाच्या परवान्याला एक वर्ष झालेले असावे लागते. मधल्या महिन्यांत जवळच्या एखाद्या अनुभवी टेम्पोवाल्याबरोबर शेजारी बसून जा आणि माल बांधायला, बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालपावती) वाचायला व वजनकाट्याची पावती तपासायला शिका.