सॅटेलाईट इमेज क्यूजीआयएसमध्ये काळी का दिसते, आणि ती उजळ केली तर डेटा बिघडतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सेन्टिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची गोव्याची इमेज उतरवून घेतली, साध्या फोटो व्ह्यूअरमध्ये उघडली तर पूर्ण काळी, क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकली तर सगळं काळपट आणि ढग तेवढे पांढरेशुभ्र, आणि आता कॉन्ट्रास्ट वाढवून ती बदल दाखवायच्या प्रोजेक्टमध्ये लावली तर डेटाशी छेडछाड केली असं होईल का. मी डिचोली तालुक्यातला, बरीच वर्षं हेच काम करतोय, खाणी, खाजनं (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची शेतं), नदीकाठ, सगळं वरून बघायचं. पहिल्यांदा बसलो तेव्हा मीपण फाइल खराब आली समजून तीनदा डाउनलोड केली होती, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमची इमेज काळी नाहीये. तो फोटो नाहीच मुळी, तो आकड्यांचा तक्ता आहे, आणि त्या आकड्यांना स्क्रीनवरचा कुठला उजेड द्यायचा हे अजून कोणी नीट ठरवलेलं नाही एवढंच. सेन्टिनेल-२ चा सेन्सर १२ बिटचा, म्हणजे ४०९६ पायऱ्या, फाइल मात्र १६ बिटची, तिच्यात ० ते ६५५३५ एवढी जागा आहे, आणि तुमच्या स्क्रीनला एका रंगाच्या २५६ पायऱ्या कळतात. फोटो व्ह्यूअर काय करतो, ६५५३५ म्हणजे पांढरं धरून सगळं त्या हिशोबाने दाबतो.

आता एक करून बघा. क्यूजीआयएसमध्ये आयडेंटिफाय टूल घ्या आणि चोडणच्या खारफुटीवर, सलीम अली पक्षी अभयारण्याच्या बाजूला, एक क्लिक मारा. उजेडाच्या प्रत्येक रंगाचा वेगळा थर असतो, त्याला बँड म्हणतात. बँड ४ म्हणजे लाल, तिथे साधारण १३०० च्या आसपास येईल, बँड ८ म्हणजे निअर इन्फ्रारेड, लालच्या पलीकडचा डोळ्यांना न दिसणारा उजेड, तिथे ४००० च्या आसपास. मग बाजूला मांडवीच्या पाण्यात क्लिक करा, बँड ८ एकदम ११००-१२०० वर येईल. डिचोलीच्या बाजूला खाणीची उघडी लाल माती घेतली तर लाल बँडमध्ये ३००० पर्यंत जाईल. म्हणजे तुमचा सगळा गोवा, नदी, झाडं, चिऱ्यांची जमीन, सगळं १००० ते ४००० च्या मध्ये बसलंय. ६५५३५ च्या पट्टीवर ४००० ला स्क्रीनवर किती उजेड मिळणार, २५५ पैकी १५-१६. काळंच दिसणार ना.

क्यूजीआयएस फोटो व्ह्यूअरपेक्षा शहाणं आहे, ते स्वतःहून खालचे २ टक्के आणि वरचे २ टक्के पिक्सेल सोडून मधला भाग ताणतं, म्हणजे तेवढेच आकडे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पसरवतं, याला ते क्युम्युलेटिव्ह काउंट कट म्हणतं. पण तुमच्या टाइलमध्ये, म्हणजे उतरवलेल्या चौकोनी तुकड्यात, सत्तरीच्या घाटावर ढग बसले असणार, आणि ढग २ टक्क्यांपेक्षा जास्त असले की तो वरचा कट ढगांतच जाऊन पडतो. मग ९००० म्हणजे पांढरं ठरतं आणि खालच्या जमिनीला उजेड उरत नाही. दुसरं म्हणजे काही टाइलमध्ये एका बाजूला रिकामा काळा तुकडा असतो, सॅटेलाईटचा पट्टा तिथे संपलेला असतो, तिथले पिक्सेल शून्य असतात आणि ते शून्यपण हिशोबात घुसतात. लेयर प्रॉपर्टीजमध्ये ट्रान्सपरन्सीमध्ये जाऊन नो डेटा व्हॅल्यू ० टाका म्हणजे ते जातील.

मग सिम्बॉलॉजीत या. मल्टिबँड कलर निवडलेलं असायला पाहिजे (बँडच्या फाइल्स सुट्या असतील तर आधी बिल्ड व्हर्च्युअल रास्टरने एकत्र करा, प्रत्येक फाइल वेगळ्या बँडमध्ये टाका ही टिक विसरू नका, विसरलात की एकच करडी इमेज मिळते आणि अर्धा दिवस जातो). खाली मिन मॅक्स व्हॅल्यू सेटिंग्ज उघडा, स्टॅटिस्टिक्स एक्स्टेंट असतं तिथे होल रास्टरच्या जागी करंट कॅनव्हास करा, आणि त्याआधी जिथे ढग नाहीत अशा जागी, समजा पणजी-चोडण-दिवाडी एवढ्यावर झूम करून ठेवा. अप्लाय केलं की गोवा समोर उभा राहतो, पहिल्यांदा बघताना खरंच बरं वाटतं. नाहीतर सरळ हाताने आकडे टाका, लाल, हिरवा, निळा तिन्हीला मिन १००० आणि मॅक्स ४०००, जंगलावर अंधार वाटला तर मॅक्स ३००० करा. ढग पूर्ण पांढरे फटक होतील, होऊ दे, ढग बघायचे नाहीयेत आपल्याला.

आता छेडछाडीचा मुद्दा. ताणल्याने फाइलमधला एकही आकडा बदलत नाही, परत आयडेंटिफाय मारा, तोच १३००, तोच ४०००. बदललं ते फक्त दाखवणं, आणि हे जगात सगळेच करतात. पण दोन ठिकाणी खरंच बिघडतं. एक, लेयर सेव्ह अ‍ॅज करताना रॉ डेटा आणि रेंडर्ड इमेज असे दोन पर्याय येतात. रेंडर्ड इमेज घेतली की स्क्रीनवरचे ० ते २५५ चे रंगच फाइलमध्ये जाऊन बसतात, खरे आकडे गेले. रिपोर्टात चिकटवायला ती चालते, गणित करायला कधीच नाही. मी एकाने पाठवलेल्या रेंडर्ड इमेजवर काढलेला एनडीव्हीआय (निअर इन्फ्रारेड आणि लाल यांच्या फरकाला बेरजेने भागून येणारा हिरवळीचा आकडा) बघितलाय, रंगीत होता, सुंदर होता आणि पूर्ण चुकीचा होता.

दुसरं जरा लपलेलं आहे. २०२२ च्या जानेवारीपासून सेन्टिनेल-२ च्या आकड्यांत १००० मिळवलेले असतात, म्हणून वर मी मिन १००० सांगितलं. फाइलच्या नावात एन०४०० किंवा त्यापुढचा नंबर दिसला की समजायचं १००० वजा करून मग १०००० ने भागायचं, तेव्हा खरी परावर्तनाची किंमत मिळते. (जुन्या तारखेच्या इमेजपण आता नव्याने प्रोसेस होऊन मिळतात, त्यामुळे वर्ष बघून ठरवू नका, नावातला नंबर बघा.) नुसतं बघायचं असेल तर याने फरक पडत नाही, पण तीच चोडणची खारफुटी घ्या, १३०० आणि ४०००, तशाच टाकून एनडीव्हीआय काढला तर ०.५१ येतो, १००० वजा करून काढला तर ०.८२. एकाच झाडाचे हे दोन आकडे! ०.५१ बघून कोणीतरी खारफुटी विरळ झाली असं लिहून मोकळा होईल.

रंगांचं सांगायचं तर स्क्रीनच्या लाल, हिरवा, निळा या जागी क्रमाने बँड ४-३-२ लावले की डोळ्यांना दिसतं तसं, ८-४-३ लावलं की झाडी लालभडक. त्या लाल रंगाला घाबरू नका, पानं निअर इन्फ्रारेड भरपूर परत फेकतात आणि आपण तो बँड लाल रंगाच्या जागी टाकलाय. उलट खाणीची लाल माती तिथे लाल राहत नाही, तपकिरी-हिरवटाकडे जाते, पहिल्यांदा हे उलटं वाटतं. आपल्याकडच्या जुन्या नकाशांत झाडी लाल का असते याचं कारणपण हेच, आपल्या भारताच्या आयआरएस उपग्रह मालिकेतल्या लिस-३ सेन्सरला निळा बँडच नव्हता, हिरवा, लाल, निअर इन्फ्रारेड आणि शॉर्टवेव्ह, मग खरे रंग आणणार कुठून. पाणी आणि ओली जमीन वेगळी काढायची असेल तर मी ११-८-४ लावतो, बँड ११, म्हणजे शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड, त्याला पाणी जवळपास सगळं गिळून टाकतं त्यामुळे मीठागरं, खाजनातलं साचलेलं पाणी, बंद खाणींचे पाण्याने भरलेले खड्डे एकदम गडद उठून दिसतात. बँड ११ चा एक पिक्सेल मात्र जमिनीवर २० मीटरचा आहे, बाकीचे दोन १० चे, हे लक्षात असू दे.

आता जे मला खरं सांगायचंय ते. आपोआप होणारं स्ट्रेचिंग, म्हणजे हेच ताणणं, एका इमेजसाठी चांगलं, पण दोन तारखांची तुलना करताना ते घातक आहे, आणि तुमचा प्रोजेक्ट बदल दाखवायचा आहे म्हणून हे मी मुद्दाम लिहितोय.

आमच्या इथे एका खाजनाचा बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं. लोकांना अर्जासोबत नकाशा जोडायचा होता, मला सांगितलं. मी आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरची एक इमेज घेतली आणि बांध फुटल्यानंतरच्या नोव्हेंबरची एक, दोन्ही ८-४-३ मध्ये शेजारी शेजारी लावल्या, प्रिंट काढली. फरक एवढा मोठा होता की बघून पोटात गोळा आला, अर्धं खाजन काळं पडलेलं. शेजारचे काका, ज्यांनी आयुष्यभर त्या खाजनात कोरगुट हे खाऱ्या जमिनीतलं भात लावलं, मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या जागेची, दारं उघडली-मिटली, त्यांनी चष्मा लावून प्रिंट हातात घेतली आणि पूर्वेकडच्या एका तुकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हांगा उदक नाशिल्लें रे." इथे पाणी नव्हतंच. मी घरी येऊन त्या तुकड्यावर आयडेंटिफाय मारलं, बँड ८ ला दोन्ही वर्षी ३१०० च्या आसपास. म्हणजे उभं भात, पाणी नाही. मग दिसायला काळं का? तर पहिल्या इमेजला सॉफ्टवेअरने मॅक्स ४००० धरलं होतं, दुसऱ्या इमेजच्या कोपऱ्यात ढग म्हणून तिला ८५०० धरलं होतं. तोच ३१०० पहिल्यात स्क्रीनवर १७८ झाला आणि दुसऱ्यात ७१. शेत जसंच्या तसं होतं, पट्टी बदलली होती.

ती प्रिंट तशीच गेली असती तर जागेवर बघायला आलेल्या माणसाने त्या पूर्वेच्या तुकड्यात सुकं शेत बघितलं असतं आणि मग खरोखर बुडालेल्या शेतांवरपण कोणी विश्वास ठेवला नसता. मी दोन्ही इमेजना हाताने १००० ते ४००० दिलं आणि परत काढली. बुडालेला भाग आधीपेक्षा लहान निघाला, पण जेवढा होता तेवढा पक्का, काकांनी एकेक कोपरा ओळखून सांगितला. तेव्हापासून तुलनेच्या प्रत्येक नकाशाखाली मी मिन आणि मॅक्स किती धरलंय ते लिहितोच, तुम्हीपण लिहा. पहिल्या लेयरवर राईट क्लिक, स्टाईल कॉपी, दुसऱ्यावर पेस्ट, दोन सेकंदांचं काम आहे.

आणि तारखा निवडताना भरती-ओहोटी बघा. सॅटेलाईट आपल्यावरून दर वेळी सकाळी जवळपास त्याच वेळेला जातो पण मांडवी-झुआरीचं पाणी त्या वेळेला कधी भरलेलं असतं कधी उतरलेलं. नदीकाठची काळी चिखलाची पट्टी रुंद झाली म्हणजे काठ खचला असं नाही, ओहोटी असेल. मुरगाव बंदराचं भरतीचं वेळापत्रक मिळतं, त्या दिवसाच्या सकाळी अकराच्या आसपासची पातळी दोन्ही तारखांना सारखी आहे का तेवढं बघून घ्या.

हिस्टोग्राम इक्वलायझेशन वगैरे प्रकारही सापडतील, त्याने इमेज झगझगीत होते पण कुठला फरक मोठा कुठला छोटा हे कळेनासं होतं, कारण ते जिथे पिक्सेल जास्त तिथे जास्त ताणतं. मी ते नुसतं चाचपायला वापरतो, नकाशात कधीच नाही. त्यापेक्षा ज्याच्यात रस आहे तेवढ्याच पट्ट्यात साधं सरळ ताणा. मांडवीच्या मुखाशी, आग्वाद आणि दोनापावलच्या मध्ये, ऑक्टोबरची स्वच्छ इमेज घ्या आणि लाल बँड १००० ते १८०० एवढाच ताणा. जमीन सगळी पांढरी होऊन जाईल, पण पाणी, जे इतका वेळ सपाट काळं होतं, त्यात नदीचा गढूळ गाळ समुद्रात कसा शिरतो, कुठे वळतो, सगळं दिसायला लागेल. मी पहिल्यांदा केलं तेव्हा रात्रीचे दोन वाजेपर्यंत तेच बघत बसलो होतो.

शार्प करायच्या मागे लागू नका. रिसॅम्पलिंगमध्ये बायलिनियर किंवा क्युबिक केलं की चौकोन मऊ दिसतात, माहिती वाढत नाही. १० मीटरच्या पिक्सेलमध्ये दोन-तीन मीटरचा बांध दिसत नाही, बांधाच्या दोन्ही बाजूंमधला फरक दिसतो, आणि बांध तिथे आहे हे आपण त्यावरून समजायचं. म्हणून पिक्सेल मोजायचे असतील तर निअरेस्ट नेबर ठेवा, जे आहे ते चौकोनी दिसू दे.

जून ते सप्टेंबरच्या इमेज शोधण्यात वेळ घालवू नका, ढगांशिवाय क्वचितच काही मिळतं, पावसातलंच पाहिजे असेल तर सेन्टिनेल-१ चा रडार डेटा घ्या, तो ढगांतून बघतो, पण तो आधी स्नॅप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेस करून घेतलेला बरा आणि त्याची दाखवायची रीत पूर्ण वेगळी. तुम्ही नोव्हेंबर-डिसेंबरपासून सुरुवात करा, हवा धुतलेली असते, आणि एल२ए लिहिलेली, म्हणजे हवेचा परिणाम काढून टाकलेली, फाइल घ्या, एल१सी मध्ये वातावरणाचा धूसरपणा तसाच असतो आणि निळा बँड सगळ्यात जास्त मार खातो. एवढं करून पण लॅपटॉप अडकत असेल तर पूर्ण टाइल कशाला, आपला तालुका क्लिप करून घ्या, बाकीचं बंद करा.